तरवडाखालचा दगड

उन्हाळ्यात आमच्या रांजणाखाली जितकी गर्दी असते, तितकी आखाडा बाळापूरच्या बाजारातही नसते. रांजण झिरपतो, खालची माती ओली राहते, आणि त्या हातभर ओलीवर मधमाश्या, गांधीलमाश्या, पिवळी फुलपाखरं, एखादा सरडा असे सगळे पाण्याला येतात. जागेवरून भांडणंही होतात. सव्वीस वर्षं मी त्या रांजणात पाणी भरत आले, पण खाली कोण पितं हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. लेकीने तिचा जुना फोन मला दिला तेव्हा.

आम्ही गावात राहत नाही, आखाड्यावर राहतो. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडाच म्हणतात. घरात मी, थोरली जाऊ आणि थोरले दीर. माझे मालक नांदेडला नोकरीला, शनिवारी येतात. लेक शिकायला बाहेर. दुपारी घर इतकं शांत असतं की पाल चुकचुकली तरी कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

फोन हातात आला आणि मी रांजणाखालच्या मधमाशीचा फोटो काढला. त्यात माझा अंगठा आला, मधमाशी आली नाही. फोन जवळ नेला की चित्र पुसट व्हायचं, दूर धरला की किडा दिसायचा नाही. ती वीतभर मधली जागा सापडायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. मग मात्र हातच थांबेना. कडुनिंबाचा मोहर, धुळीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट बघत बसलेला किडा, रुईच्या फुलावरचा काळा भुंगा. रुईच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी पाहिली तेव्हा मनात आलं, असली साडी मला आजवर एकाही दुकानदाराने दाखवली नाही.

वाकून, कधी पालथं पडून फोटो काढावे लागतात. पांदीने जाणारी माणसं विचारायची, "काय हरवलं जी?" एकदा मी कंटाळून म्हणाले, "कानातलं." झालं. निंदणीला निघालेल्या दोघीजणी अर्धा तास माझ्याबरोबर रुईखाली कानातलं शोधत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सापडलं का म्हणून घरी आल्या. तेव्हापासून ठरवलं, खोटं बोलायचं नाही. तो निश्चय पुढच्या वैशाखापर्यंत टिकला.

आता भावजींविषयी सांगते. भावजी म्हणजे थोरले दीर. आमच्या घरात धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही, अशी रीत. सासूबाई होत्या तोवर आमचं बोलणं त्यांच्यामार्फत चाले, मग जाऊबाईंमार्फत, आणि दोघी नसल्या तर गोठ्यातल्या गाईमार्फत. "म्हणावं, मोटार बंद करा," असं भावजी गाईकडे बघून म्हणायचे आणि मी मोटार बंद करायचे. माणूस कष्टाळू, पण बोलणं म्हणजे हळकुंडासारखं, वाळलेलं आणि कडक. माझ्या फोटोंवर त्यांचं एकच वाक्य मी ऐकलं होतं. "म्हणावं, उन्हात पालथ्या पडून राहिल्या, डोकं फिरंल." मला त्याचा फार राग आला. माझा राग लवकर येतो आणि मुक्काम करून जातो. दोन दिवस मी गाईलाही उत्तर दिलं नाही.

यंदा वैशाखात एका सकाळी मी धुऱ्यावर गेले होते. धुरा म्हणजे दोन शेतांमधली गवताची, झुडपांची पट्टी. आमच्या धुऱ्यावर तरवड दाट आहे, आणि बाकी सगळं रान वाळून कोळ झालं तरी तरवड पिवळा फुललेला असतो. फुलातला भुंगा टिपावा म्हणून मी पाऊल पुढे टाकलं, तोच पायाजवळून भर्रकन काहीतरी उडालं. मी जागीच बसले. बघते तर झुडपाच्या बुडाशी गवताच्या खळग्यात तित्तराची सात अंडी. दूध जास्त पडलेल्या चहाचा रंग. एक फोटो काढला आणि मागच्या पावली परत आले.

दुसऱ्या दिवशी लांबूनच बघावं म्हणून गेले तर ते झुडूप ओळखू येईना. सगळे तरवड एकमेकांचे सख्खे भाऊ. शोधता शोधता अंड्यांवरच पाय पडायचा राहिला. म्हणून मी खुणेला वीतभर उंचीचा एक दगड झुडपाच्या अलीकडे उभा केला आणि फांदीला जुन्या साडीच्या फॉलची लाल पट्टी बांधली. बारा पावलं अलीकडे थांबायचं, तिथून फोटो काढायचा, पुढे जायचं नाही, असा नियम घातला. मादी मातीत माती होऊन बसलेली असायची. तिचा डोळा दिसला की मला दिवसभर पुरायचा.

आणि मग आठवलं, मृगाच्या आधी धुरे पेटतात. दरवर्षी बाया लावून धुऱ्यावरचं तण कापायचं, जागेवरच पेटवायचं. साप-किरडू निघून जातं, तणाचं बी मरतं, धुरा स्वच्छ दिसतो. इतकी वर्षं मी त्या बायांना चहा करून पाठवला होता. यंदाच पहिल्यांदा विचार आला, की आत कोण कोण असतं.

मी जाऊबाईंना म्हणाले, "बाई, धुऱ्यावर तित्तर बसलंय अंड्यावर. यंदा धुरा उशिरा पेटवायला सांगा ना."

"कुठं बसलंय?"

जागा मी सांगितली नाही. आमच्याकडे तित्तराचं नाव निघालं की लोकांना फोडणीचा वास येतो. आणि जाऊबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही.

त्यांनी रात्रीच्या जेवणाला भावजींना विचारलं. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. "अंडी हायेत म्हणते तित्तराची. धुरा ठिवता का थोडे दिवस?"

भाकरी मोडता मोडता भावजी म्हणाले, "म्हणावं, धुरा दरसाली पेटतो. परवा बाया सांगितल्यात."

बस. जाऊबाई आत येऊन म्हणाल्या, "तू बी काहून एवढं मनाला लावून घेती? पाखरू उडून जाईल की." पाखरू उडून जाईल, अंडी कुठे उडणार होती? मी भांडी इतकी आपटली की गाय उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा मी भावजींच्या ताटात भाकरी वाढली, पण एकदाही मान वर केली नाही. अंडी उचलून घरी आणावीत असंही डोक्यात आलं. पण माणसाचा हात लागल्यावर मादी घेईल का, आणि मी का तित्तर आहे? कोंबडीच्या एकवीस दिवसांवर अंदाज धरला तर अजून आठवडा तरी हवा होता.

धुरा पेटवायच्या दिवशी सकाळी तिकडे जायचंच नाही असं ठरवून मी भाकऱ्या थापत बसले. धुऱ्याकडून धूर वर चढला आणि माझ्याने बसवेना. पिठाच्या हाताने पळत सुटले.

अर्धा धुरा काळा झाला होता. पण मधे, माझ्या तरवडाच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा पावलं गवत विळ्याने साफ कापून काढलेलं, खालची माती उघडी केलेली. आग तिथपर्यंत येऊन विझत होती. झुडूप जसंच्या तसं. आणि त्याच्यापुढे माझा दगड, शेंदराने लालभडक, डोक्यावर तरवडाचं एक फूल. साडीच्या फॉलची पट्टी वर वाऱ्यावर हलत होती.

विळा घेतलेल्या एका बाईला मी विचारलं, "हे काहून सोडलं?"

"देव हाय ना जी तिथं," ती म्हणाली. "शेंदूर लावेल हाय. मोठे मालक म्हणले, जुना देव हाय, दोन्हीकडून सोडून पेटवा अन् झुडपाजवळ कोनी जाऊ नका. आमी कशाला जातो?" असं म्हणून तिने दगडाला हात जोडले. मी पाहतच राहिले. भावजी दूर टोकाला पाठमोरे उभे होते, कडुनिंबाची फांदी घेऊन जाळ झोडपत. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुपारी मी वाढत होते. हळदीच्या दिवसांत भावजींचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात, नखं तर पोळ्यापर्यंत पिवळी राहतात. त्यांनी पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला. पिवळ्या हाताचा अंगठा शेंदरी होता. तेलात कालवलेला शेंदूर, साबणाने जात नाही. माझी नजर तिथे गेली हे त्यांना कळलं आणि त्यांनी अंगठा मुठीत घेतला.

मला सगळं एकदम उमगलं. तित्तरासाठी सोडा म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी चुलीवर कालवण झालं असतं. आणि भाकरी खाता खाता एकदा नाही म्हटल्यावर शब्द मागे घ्यायची भावजींना सवय नव्हती. म्हणून त्या माणसाने पहाटे उठून देवघरातला शेंदूर नेला, आणि माझ्या खुणेचा दगड देव केला. ज्या धुऱ्याचा एकेक खडा त्यांना ठाऊक, तिथला नवा दगड त्यांना पहिल्याच दिवशी दिसला असणार. मी आत गेले आणि पदराने डोळे पुसले. दोन दिवसांची माझी आदळआपट आठवून मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी खळग्यात नुसती टरफलं होती. पण पुढे बघते तर जळालेल्या काळ्या पट्टीवरून मादी चालली होती आणि तिच्यामागे मातकट पिल्लं. एरवी गवतात एकही दिसलं नसतं, राखेवर सगळी मोजता आली. मी पालथी पडले, हात स्थिर केला आणि फोटो घेतला. अंगभर राख. आजवर काढलेल्या फोटोंत तोच सगळ्यात चांगला.

जाऊबाई त्या दिवशी नरसीला दर्शनाला गेल्या होत्या. मी राखेने माखून अंगणात आले तेव्हा भावजी हळद निवडत बसले होते. त्यांनी गाईकडे बघितलं.

"निघाली का म्हणावं."

गाय रवंथ करत होती. मी तिच्याकडे बघून उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला ते जमलंच नाही.

"निघाली, भावजी," मी म्हणाले. "सात."

त्यांनी मान वर केली. "साती?"

"व्हय." मी फोन पुढे धरला. त्यांनी धोतराला हात पुसले, पण फोन हातात घेतला नाही, वाकून बघितला. कितीतरी वेळ बघितला. मग शेवटच्या पिल्लावर बोट दाखवलं. "हे मागं राहिलं. माय थांबली का त्याच्यासाठी?"

"थांबली."

"हां," ते म्हणाले आणि पुन्हा हळकुंडं निवडू लागले. पुढे सगळं पूर्वीसारखंच. संध्याकाळी मोटार बंद करायचा निरोप गाईमार्फतच आला.

दगड मात्र आता देवच झाला आहे. कुणी विचारलं की मीही जुना देव आहे म्हणते; खोटं बोलायचं नाही हा माझा निश्चय असा धुळीला मिळाला. निंदणीच्या बाया जाता-येता फूल ठेवतात. अमावस्येला जाऊबाई नारळ घेऊन मला म्हणाल्या, "चल, आपल्या धुऱ्यावर देव निघाला अन् आपण अजून नैवेद्यबी न्हाई दाखवला." भावजी आमच्या आधीच तिथे पोचले होते. तरवडाला टेकून उभे होते.

जाऊबाईंनी विचारलं, "पावतो का हो हा देव?"

भावजी आभाळाकडे बघून म्हणाले, "म्हणावं, जागृत हाय."

जाऊबाईंनी नारळ फोडला आणि मला पुढे व्हायला सांगितलं. मी पदर सावरला आणि मनापासून हात जोडले. दगडाच्या मागे, माझ्या अगदी समोर, भावजी उभे होते.