आव्यातली आई

पाथर्डीच्या पूर्वेला, ओढ्याकाठच्या वस्तीवर पंकजा राहते. वय अकरा, आवाज वयाच्या दुप्पट. तिच्याशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून यावं, असं वस्तीवर म्हणतात.

भाद्रपद सरता सरता जो पाऊस झाला, त्यात हा ओढा कुणाला ओळखू आला नाही. एरवी ज्यात धड चप्पल भिजत नाही, तो पहाटे दारातून आत आला. पंकजाची आई शेळ्या सोडायला गोठ्यात गेली. शेळ्या पोहून वर आल्या. आई आली नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला तिचा देहच सापडला.

फोन आईच्याच कमरेला खोचलेला होता, म्हणून तिचे फोटोही गेले. आधार कार्डावरचा तेवढा राहिला. त्यात आई इतकी घाबरलेली दिसते की पंकजाने तो वडिलांना परत केला. "ही न्हाईच ती."

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ निघाला. वडील वाल्मिक तो पाटीने बाहेर टाकत, आणि पंकजा त्यातलाच ओंजळ ओंजळ मागच्या दाराने ओट्यावर आणून ठेवत असे. दर पोळ्याला ती मातीचे बैल करायची, तिचा हात बसलेला होता. आता तिने आई करायला घेतली. नऊवारी निऱ्या, हात जोडलेले, ताठ उभी. वाळताना मान तडकली. दुसरी केली, तीही तडकली. तिसरी घेऊन ती वेशीपलीकडे झुंबरबाई कुंभारणीकडे गेली.

झुंबरबाई दिवाळीच्या पणत्या करत होती. तिने मूर्ती फिरवून पाहिली.

"काळी माती एकली ऱ्हात न्हाई, पोरी. तिला संगतीला लीद लागती, राख लागती. आन् हिला अशी देवीवानी उभी कशाला केली? तुझी आय निवांत उभी ऱ्हायल्याली म्या तरी कधी बघितली न्हाई."

पंकजाला हसू आलं. घरी येऊन तिने माती नव्याने मळली. या खेपेला आई चुलीपुढे उकिडवी बसली. पदर खोचलेला, एक हात गुडघ्यावर, आणि मान मागे वळलेली. दूध उतू चाललंय आणि पोरीचा पत्ता नाही, अशा वेळी वळायची तशी. नाक काही जमलं नाही. पण ही आई तडकली नाही.

घर सांभाळायला मिरजगावहून आत्या आली होती. ओट्यावरची मूर्ती पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, वयनी!" मग डोळे पुसून ती म्हणाली, "लई हुबेहूब केलीस. आता दिवाळीच्या आत शिरवून टाकू. मातीची मूर्त घरात ठिवत नसत्यात, जीव घुटमळतो."

आत्या मायेनेच बोलत होती. गणपती जातात, गौरी जातात, पोळ्याचे बैलही जातात. पंकजाने स्वतः दरवर्षी ते हसत हसत पाण्यात सोडले होते.

"कशात शिरवायची?"

"वढ्यातच की."

"एकदा नेली त्यानं. पुन्यांदा न्हाई देनार."

"वाल्मिक, सांग रं हिला."

"अक्का म्हनती तर..." वाल्मिकने सुरुवात केली.

"पप्पा, तुमी स्वतः नेऊन सोडनार का?"

वाल्मिकने पाटी उचलली आणि तो बाहेर गेला. घरात आता गाळ उरला नव्हता.

दुपारी पंकजा मूर्ती डोक्यावर घेऊन पुन्हा झुंबरबाईच्या दारात.

"मावशी, रांजन कुनी शिरवतं का?"

"येडी का काय तू?"

"त्यो बी मातीचाच की."

"भाजल्याली माती ती. कच्ची माती पान्याची, भाजल्याली मान्साची."

"मग हिला भाजा."

झुंबरबाईने मूर्ती हातात तोलली. "ही भरीव हाय, आतून अजून वली. आव्यात फुटंल, आन् माज्या पनत्या बी फोडंल. हिला मधून चिरायची, आतून पोकळ करायची, परत जोडायची. आन हिकडं, मी करते."

"नगं. दोरा द्या."

पंकजाने दोरा दोन्ही हातांत ताणला आणि तशीच बसून राहिली. पाण्याच्या डब्यात माशी पडली, ती झुंबरबाईने काढली. मग पंकजाने दोरा ओढला आणि आईचे दोन भाग झाले. चमच्याने ती आतली माती काढू लागली, आणि काढता काढता आपसूक बोलू लागली.

"पान्याचा आवाज लई व्हता. मी हाका मारत हुते. तिला ऐकू जात नव्हत्या."

"भिंत बोटाएवढी जाड ठिव," झुंबरबाई म्हणाली. "लई पातळ नगं."

"व्हय," पंकजा म्हणाली, आणि बोट लावून भिंत मोजली.

पुन्हा जोडलेली मूर्ती सावलीत वाळली. पणत्या भाजायचा आवा रचायच्या दिवशी आत्या कमरेवर हात ठेवून हजर.

"सरनावर घातली ती पुरंना व्हय? आता आव्यात घालताय?"

"आत्या, वढ्यानं नेली ती बी आईच, सरनावर गेली ती बी. ही तिसरी हाय. ही माजी."

"आली मोठी वकील! आन् फुटली म्हंजी?"

"फुटली तर तुमी म्हनता तसं. तुकडे वढ्यात."

"बघ हां. सबूद दिलास."

पणत्यांच्या मधोमध आई बसली. वर गोवऱ्या आल्या, उसाचं पाचट आलं, मातीचा लेप आला. दिवसभर धूर निघत होता. तिसऱ्या प्रहरी आत काहीतरी मोठ्याने तडकलं. पंकजाने झुंबरबाईकडे पाहिलं, झुंबरबाईने धुराकडे. आत्या फडक्यात भाकरी घेऊन आली होती, ती पोरीला टेकून बसली. "खा. उपाशी बसून मूर्त वाचत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आवा उघडला. वाल्मिकही आला होता, पण लांबच उभा राहिला. वरच्या पणत्या लाल, ठणठणीत निघाल्या. त्यांच्याखाली एका बाजूला नुसत्या खापऱ्या होत्या. आत्याने डोळे मिटून घेतले. झुंबरबाईने राख बाजूला सारली, आणि पंकजाने आत हात घातला.

खांद्यावर धुराचा काळा डाग पडला होता, कोपराचा टवका उडाला होता. बाकी आई अख्खी होती. झुंबरबाईने बोटाच्या पेराने टिचकी मारली. "वाजती गं. पक्की भाजली."

पूर्ण गार होईपर्यंत पंकजाने ती मांडीवर धरून ठेवली. मग घरी येऊन परातीत बसवली आणि आत्याला समोर बसायला सांगितलं. वाल्मिकने न सांगता तांब्या भरून आणला. डोक्यावरून पाणी मागे वळलेल्या मानेवर आलं, मग पाठीवरून खाली. पहिल्या तांब्याला राख आली. परात ओतून, पुसून तिने दुसरा ओतला. तो स्वच्छ उतरला, मातीचा कणही सुटला नाही.

पंकजाने परात उचलून आत्यापुढे धरली.

"बगा. कुटं बी जात न्हाई ती आता."