काळतोंडीचं नवं नाव

अण्णांची आणि माझी शेवटची भेट पोंगल संपल्यावर आठवड्याने झाली. मी तिरुचीहून आले होते. ते ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते, धाप लागली होती, तरी मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "अंबू, बैस. चहा मागाहून. आधी एक मागणं आहे."

"काय?"

"माझ्यामागे कोणी पाखरं सोडू नयेत. एकही नको. व्यंकटाला सांगून झालं, तो हो हो म्हणतो आणि विसरतो. तू असशील ना? बघशील?"

"अण्णा, काय हे अभद्र बोलणं!"

"अभद्र राहू दे बाजूला. बघशील की नाही, तेवढं सांग."

"बघीन," मी म्हटलं. पंधरा दिवसांत माणूस आला, अण्णा गेले म्हणून सांगत. आता सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, दुःख हळूहळू बोथट होतं. होत असेल बापडं. मला दुःख करायलाच फुरसत मिळालेली नाही. मला नुसती शिसारी येते... सकाळी उठलं की येते, पानावर बसलं की येते. ही शिसारी कशाची ते सांगितल्याशिवाय माझ्या भावाबद्दल मला काही लिहिताच येणार नाही.

अण्णा कुंभकोणमच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होते. आमचे पूर्वज तंजावर दरबाराबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. दाराबाहेर तमिळ, दाराच्या आत मराठी, आणि ती मराठी अशी की पुण्याकडचा पाहुणा दोन वाक्यांत हसायला लागतो. हसा. त्या मराठीत एका पाखराला सत्तावीस नावं होती, ती तुमच्याकडे आहेत का ते आधी सांगा.

पाखरू अगदी साधं. चिमणीएवढं, डोकं काळं कुळकुळीत, पाठ विटकरी, पोट पांढरं आणि चोच अंगाच्या मानाने भलतीच जाड. तिकडे तुम्ही त्याला मनोली म्हणता, मुनिया म्हणता. भात दुधात आलं की त्यांचे थवेच्या थवे उतरतात. सुंदरपेरुमाळ कोयिलला आमची थोडी शेती होती, तिथे आई डबा वाजवून त्यांना हाकलायची आणि 'काळतोंडी' म्हणून शिव्या द्यायची. काकू म्हणायची 'भातबुडवी'. आजी मात्र 'माहेरवाशीण' म्हणायची, कारण रोडावलेली येते, महिनाभर खाते आणि गुबगुबीत होऊन जाते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी तिचं नाव 'दौतबुडी' ठेवलं होतं, कोणी दौतीत डोकं बुडवून काढल्यासारखी दिसते म्हणून. अण्णांनी ही नावं एका वहीत लिहायला घेतली. नाव, कोणी ठेवलं, का ठेवलं. एवढंच, त्यावर आपलं मत नाही. नात्यातले पुरुष हसायचे, "बायकांनी पाखराला ठेवलेली नावं कसली लिहितोस?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "राजांच्या वंशावळी लिहायला पुष्कळ लोक आहेत."

सत्ताविसावं नाव एका मडमेचं. इंग्रज जायच्या आधी इथे एक साहेब होता, त्याची बायको शाळेतलं चित्रांचं प्रदर्शन बघायला आली आणि अण्णांनी काढलेल्या काळतोंडीपुढे उभी राहून रडायला लागली. म्हणाली, आमच्या गावी अश्शीच काळी टोपी आणि जाड चोच असलेला बुलफिंच असतो. तो फळझाडांच्या कळ्या खातो म्हणून तिथले माळीही त्याला नाही नाही ती नावं ठेवतात, जुनी जुनी, एकेका खेड्यात वेगळी. अण्णांनी घरी येऊन लिहिलं : बुलफिंच. एका मडमेने. घरची आठवण आली म्हणून. मी चिडले, "ते वेगळं पाखरू, ती वेगळी बाई, हे कशाला घुसडता?" तर म्हणाले, "ठेवलं ना नाव तिने? मग झालं."

आता एका तळ्याकाठचं सांगते. तिरुनागेश्वरमला निघालेले यात्रेकरू वाटेत तळ्यावर थांबायचे, तिथे एक पाखरंवाला टोपली घेऊन बसायचा. टोपलीत काळतोंड्या. एक विकत घ्यायची, हात जोडायचे, सोडून द्यायची, की जीवदानाचं पुण्य. लोकांना रंगीत पाखरू आवडतं म्हणून पांढऱ्या पोटाला हिरवा रंग फासलेला, आणि फार लांब जाऊ नये म्हणून पंखांची टोकं कातरलेली. सुटलेलं पाखरू पलीकडच्या झुडपात पडायचं, संध्याकाळी परत टोपलीत. अण्णांची नजर चित्रकाराची. मागचं बोट तुटलेली एक काळतोंडी त्यांनी एकाच आठवड्यात तीनदा सुटताना पाहिली. तीन माणसं तिच्यावर पुण्य मिळवून गेली होती.

एकदा झुडपात पडलेली एक घेऊन ते घरी आले. मी तेव्हा माहेरीच होते. वाटीत कोमट पाणी घेऊन आम्ही तिचं पोट धूत बसलो. पाणी हिरवं होत गेलं, पाखरू थंड होत गेलं. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर जाऊन यात्रेकरूंना सांगायला लागले. एकजण म्हणाला, "सार, दुसऱ्याच्या पुण्याच्या आड येऊ नका." आणि आमचे मामा, मरुदानल्लूरला भजन करणारे, स्वतःला मोठे ज्ञानी समजणारे, ते म्हणाले, "पाखरू जगो नाहीतर मरो, सोडल्याचं पुण्य सोडणाऱ्याला लागतं." धर्म म्हणे!

आणि मग तेरावं. अंगणात माणसं मावत नव्हती. व्यंकट, अण्णांचा मुलगा, डोळे भरून पुढे आला आणि म्हणाला, "अप्पांना पाखरं किती प्रिय! बासष्ट वर्षं जगले, म्हणून बासष्ट आणली आहेत." मागे तो पाखरंवाला, दोन मोठ्या टोपल्या घेऊन. हिरवी पोटं.

मी पुढे झाले. "व्यंकटा, अण्णांनी नको म्हटलं होतं रे."

"आत्या, ते पिंजऱ्यात ठेवू नका म्हणायचे. आपण सोडतोच आहोत की!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात मामांनी ती वही मागितली. त्यांना सुचलं काय, तर नामावली म्हणायची! आमच्या लोकांच्या हातात नावांची यादी पडली की झांज वाजलीच पाहिजे. "ॐ काळतोंड्यै नमः" म्हटलं, झांज वाजली, व्यंकटाने एक सोडलं. "ॐ भातबुडव्यै नमः." दुसरं. "ॐ बुलफिंचाय नमः" असंही म्हटलं हो, आणि कोणी हसलं नाही! बायका पदराने डोळे पुसत होत्या. सत्तावीस संपली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. निम्मी पाखरं अंगणातच पडली, काही कशीबशी कौलांपर्यंत गेली. भिंतीवर कावळे बसले होते, त्यांना कोणी बोलवावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशी पाखरंवाल्याचा भाऊ जाळं घेऊन उभा होता. मला ओसरीवरून सगळं दिसत होतं.

शेवटचं पाखरू मामांनी माझ्या हातात दिलं. "अंबू, तू बहीण. तुझा मान." मुठीत त्याचा जीव नुसता धडधडत होता. ओरडता आलं असतं. टोपलीला लाथ मारता आली असती. भरल्या अंगणात तमाशा नको, लोक काय म्हणतील, मुलाचं मन कशाला मोडा... आणि मी मूठ उघडली.

व्यंकटावर माझा राग नाही. तो खरोखर रडत होता. पाखरंवाल्याला पोट आहे. मामांचा वीट मला आधीच आला होता. मला किळस येते ती माझी. एक शब्द दिला होता, एवढासा, 'बघीन'. आणि बघितलंच की मी, उभं राहून, सगळं.

गेल्या आठवड्यात मासिक श्राद्धाला पुन्हा गेले होते. परसात व्यंकटाची बायको, सुगुणा, भात वाळत घालत होती. विहिरीच्या काठावर एक काळतोंडी येऊन बसली, खरी, पांढऱ्या पोटाची, शेतातून आलेली. सुगुणा कौतुकाने म्हणाली, "आत्या, ते बघा, तेराव्याचं पाखरू!"

"कोण म्हणतं असं?"

"सगळी गल्लीच म्हणते आता. छान आहे ना?"

मी आत गेले. अण्णांच्या टेबलावरची वही काढली, मडमेच्या खालच्या ओळीवर लिहायला बसले. नाव : तेराव्याचं पाखरू. कोणी ठेवलं : सुगुणाने, आणि गल्लीने. तिसऱ्या रकान्याशी हात अडला. मग लिहिलं : अण्णा नको म्हणाले असताना त्यांच्या तेराव्याला बासष्ट सोडली म्हणून. बासष्टावं मी.