सिस्टरांचं विमान आणि आमची तारीख

ऑफिसात मी तारखा सांगण्याचाच पगार घेते. प्रकल्पातलं कुठलं काम कधी संपेल ते मांडायचं आणि लोकांच्या मागे लागायचं. घरी मी ज्या प्रोग्रामचं काम बघते, तिथे पगारही नाही आणि मागे लागायची सोयही नाही. पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारा हा ओपन सोर्स प्रोग्राम. काही मंडळी आपापली नोकरी सांभाळून तो लिहितात, कुणीही फुकट वापरावा म्हणून.

इथे आखातात, अल सद्द भागातल्या आमच्या इमारतीत वसईच्या एक नर्स राहायच्या. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. त्यांची नजर कमी होत चालली होती. नोव्हेंबरअखेर निवृत्त होऊन त्या गावी जाणार होत्या, तिथे घरात एकट्याच. म्हणून मी जवळ आहे तोवर त्यांना हा प्रोग्राम शिकून घ्यायचा होता. जुनी आवृत्ती जोडाक्षरं अशी फोडायची की वाक्य कळायचंच नाही. नवी हवी होती.

"कधी येणार गं?"

"ऑक्टोबरमध्ये. इन्शाल्ला."

"म्हणजे येत नाही. वॉर्डातला एसीवालाही असंच म्हणायचा."

जोडाक्षरांचं काम पुण्यातल्या एकाकडे होतं. माझी सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्याची शनिवार-रविवार. मी शुक्रवारी विचारलेलं तो शनिवारी रात्री बघायचा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत माझा आठवडा सुरू झालेला असायचा. ऑक्टोबर असाच गेला. मग त्याचा निरोप आला की वडील हॉस्पिटलात आहेत, सध्या जमणार नाही. ऑफिसात मी दुसरा माणूस लावला असता. इथे लिहिलं, "वडिलांकडे बघा. काम कुठे पळत नाही." आणि ते मनापासून होतं. पण सिस्टरांचं विमान थांबणार नव्हतं.

त्या शुक्रवारी सिस्टर चर्चमधल्या मिस्साहून परत आल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं, "तुम्ही जायच्या आत होणार नाही."

त्या चष्मा पुसत राहिल्या. मग विचारलं, "का? काय झालं?"

"ते काम करणाऱ्याचे वडील आजारी आहेत."

"काय होतंय त्यांना?" ते सगळं नीट विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "अर्धवट आहे तेच दे. अडखळलं तर अडखळलं. नवीन आलेल्या पोरी वॉर्डात अरबी तसंच बोलायच्या. पेशंटना कळायचं."

अर्धवट आवृत्ती बाहेरच्या माणसाला द्यायची नाही, हा नियम मीच घातला होता. तरी दिली. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही रोज थोडा वेळ बसायचो. 'प्रार्थना' हा शब्द तीन तुकड्यांत आला की त्या लॅपटॉपला म्हणायच्या, "थांब बाबा, दम घे." कुठे अडतं ते त्या सांगायच्या, मी पुण्याला कळवून ठेवायचे. जायच्या आधी चर्चच्या ग्रुपवरचे निरोप त्या एकट्या उघडून ऐकू लागल्या होत्या.

नवी आवृत्ती नाताळ उलटून गेल्यावर आली. पुण्याच्या त्या माणसाचे वडील बरे होऊन घरी आले होते. त्याने आधी सिस्टरांनी सांगितलेलेच शब्द दुरुस्त केले होते. नवी आवृत्ती कशी बसवायची ते सांगायला मी वसईला फोन लावला.

"बसवली मी कालच. आता अडखळत नाही, पण बोलतो फार भरभर. पुढची कधी?"

"सांगत नाही."

"शहाणी झालीस," सिस्टर म्हणाल्या.