बमरोलीच्या रेसगाड्या

गॅरेजात दोन गोष्टी साचतात, ग्रीस आणि किस्से. ग्रीस निदान रॉकेलनं निघतं!

आमचे सुरेशभाऊ मूळचे धुळ्याकडचे. कापडाच्या लूमवरची नोकरी सोडून त्यांनी बमरोलीत गॅरेज टाकलं आणि जुन्या गाड्यांच्या रेसगाड्या बनवायचं वेड लावून घेतलं. मी त्यांचा पहिला मेकॅनिक, म्हणजे वेडात निम्मा वाटा माझा. पण आमची स्वतःची गाडी एकही रेस पुरी करेना. शेवटी भाऊंच्या मिसेस, मंगलावहिनी, कडाडल्या, "या टाइमले गाडी शेवटलगून नही गई, तं ती भंगारमा जाई, नि तुम्ही लूमवर!"

*

एकदा कॉलेजच्या पोरांसाठी फॉर्म्युला टाइप गाडी बांधली. चाकं उघडी, छप्पर नाही. वहिनी डबा घेऊन आल्या, गाडीभोवती फिरल्या. "एकच सीट? मंग पोरेसोरे कोठे बसतीन?"

भाऊ म्हणाले, "अगं, म्हणून तर ती फास्ट पळते!"

*

शेजारच्या साडीवाल्या गुजराती शेठना ड्रॅग कार दाखवली. ही नाकासमोर सुसाट सुटते, बस्स! वळायचं काम नाही. रिव्हर्स गिअरसुद्धा काढून टाकलेला.

शेठनी परतीचं विचारलं, "पण पाछा केवी रीते आववानुं?"

"टेम्पोत घालून."

"तो भाई, टेम्पो ज खरीदी लऊं ने!"

*

रॅलीची गाडी खड्ड्यामातीत पळते, म्हणून हलकी हवी. मागची सीट, कार्पेट, एसी, सगळं काढायचं. आमच्या हेल्पर संतोषनं एका दुपारी ते झकास काढलं. फक्त गाडी चुकली! रंग तोच, मॉडेल तेच, पण ती ऑइल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाची.

गिऱ्हाईक आलं. आम्ही माना खाली घातल्या. त्यानं गाडी घेऊन एक चक्कर मारली आणि ते हसतच परतलं. "पिकअप तो जबरदस्त है! एसी लगा दो. पीछे की सीट की जल्दी नहीं, ससुरालवाले आए हुए हैं!"

*

आणि मग आमच्या स्वतःच्या गाडीची ती कामरेजजवळची ऑटोक्रॉस. मोकळ्या शेतात मातीचा ट्रॅक, एकेक गाडी सोडतात, ज्याला वेळ कमी तो जिंकला. वजन नको म्हणून भाऊंनी पेट्रोलसुद्धा मोजकंच भरलं.

"भाऊ, थोडं जास्त टाका ना," मी म्हटलं.

"उगाच ओझं कशाला?"

गाडी काय पळाली म्हणून सांगू! धूळ उडवत शेवटचं वळण घेतलं, आम्ही नाचायला लागलो, आणि शेवटची रेषा दोन हातांवर असताना गाडी फुस्स! पेट्रोल खल्लास. भाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आता गाडी भंगारात आणि भाऊ लूमवर!

बघतो तर बघ्यांत उभ्या असलेल्या वहिनी दोरीखालून आत! पदर खोचला आणि लागल्या गाडी ढकलायला.

रेसचा मार्शल शिट्टी फुंकत धावला, "बहनजी, बाहर का आदमी गाड़ी को हाथ नहीं लगा सकता!"

वहिनी गाडी रेषेपलीकडे नेऊनच थांबल्या. मग घाम पुसत त्याच्याकडे वळल्या.

"बाहेरनी? मी त्यासनी बायको शे!"