कामरेजमधला कॅरिबियन कॅम्पस

…नळाचं पाणी भरून झालं होतं, चार भाकऱ्या टोपलीत होत्या आणि मी साड्यांचे लोंबते धागे कापत बसले होते. रोजची सकाळ. तेवढ्यात दीर आले.

"वहिनी, भाग्याची डॉक्टरकी पक्की. कॅरिबियनचं सरकारी विद्यापीठ. पहिली दोन वर्षं इथेच, कामरेजला. मार्कशीट देऊन टाकली मी एजंटला."

बारावीची मूळ मार्कशीट. मला न विचारता.

मुलीला डॉक्टर करायचं हे ह्यांचं स्वप्न. हे कापडाच्या लूमवर कामाला होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. रद्दीतून माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. सातवी शिकलेली मी त्यावरच वाचायला लागले. म्हणून रात्री भाग्याला मोबाइलवर त्या विद्यापीठाचीच माहिती वाचायला लावली. तीन कॅम्पस, तिन्ही बेटावर. कामरेज कुठेच नाही. इकडे भाग्या भरणार होती त्या नर्सिंगच्या फॉर्मला चार दिवस उरलेले आणि तिथे मूळ मार्कशीट लागते.

सकाळी दोघी निघालो. तुम्हीही मुलांना असं पाठवणार असाल, तर आधी ही सहल करा. आमच्या उधन्याहून सिटी बस, एकदा बदलायची, पुढे शेअर रिक्षा. दीड तास धरा. पाणी घरून न्या, हायवेला सावली नाही. चौकातला लोचो, वाफवलेल्या डाळीचा नाश्ता, गरम आणि चांगला असतो. मला गिळवला नाही.

कॅम्पस टायरच्या गोदामावर, पहिल्या मजल्यावर. बोर्डवर समुद्र आणि नारळाची झाडं. आत टाय लावलेला एजंट.

"बेन, आ अमारुं चोथुं केम्पस छे."

हा म्हणे त्यांचा चौथा कॅम्पस. "लायब्ररी दाखवा," मी म्हटलं.

काचेच्या कपाटात जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. कापडाच्या ताक्याची वरची घडी सगळेच चांगली ठेवतात. माल आतून बघायचा असतो. मी पुढची दोन पुस्तकं काढली. मागे दहावीची गाइडं, कुठल्याशा ट्यूशन क्लासचे शिक्के मारलेली.

"बेन, पुस्तकं तुम्हाला काय समजणार?" तो हसला.

"समजली. मार्कशीट द्या."

"ती कतारगामच्या ऑफिसात. साहेब आल्यावर बघू."

साहेब कधी येणार, ते सांगेना. भाग्या जिन्यात रडली. मला रडू आलं नाही. गरिबाच्या स्वप्नाला बरोबर हुंगत येतात हे लोक.

घरी दीर वाट बघत होते. "नशिबाला लाथ मारताय, वहिनी. दादा असता तर—"

"ते असते तर त्यांनी आधी तुम्हाला बाहेर काढलं असतं, भाऊजी. मी चहा देतेय. तो प्या आणि निघा."

त्या प्रवासातून एवढंच आणलं: ह्यांचं स्वप्न खोटं नव्हतं, फक्त विकायला काढलं होतं दुसऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी डबा घेऊन कतारगामच्या ऑफिसच्या पायरीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक आईबापाला कपाटात काय पाहिलं ते सांगितलं. काही जण जिन्यावरूनच परत फिरले, तेव्हा पावणेबाराला ऑफिसवाल्यांनी मार्कशीट आणून हातात दिली. ती भाग्याकडे देऊन तिला फॉर्म भरायला पाठवलं आणि मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.