चिखलातून उठलो, पण कशासाठी?

"मारा अजून! तोंडाले लावा! हा नत्थूभाऊ मेल्याचं सोंग करून राहिला!"

सिंधूबाई ओरडत होती आणि रोवणीच्या पंधरा-वीस बाया हसत हसत माझ्यावर चिखल थापत होत्या. मी माझ्याच बांधीत, भाताच्या शेतात, उताणा पडलो होतो.

आमच्याकडं भाताची रोवणी, म्हणजे लावणी, ज्या दिवशी सरते त्या दिवशी बाया मालकाला धरून चिखलानं माखतात. कोंबड्याचं जेवण कबूल करून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मालकानंही जरा पळायचं, जरा पडायचं, 'मेलो मेलो' करायचं. मी तर दरवर्षी असा मरायचो की पलीकडच्या आंधळगावातून चार लोक लाकडं घेऊन निघायचे. म्हणून यंदा मी "पाय गेले माये, उचला मले" असं ओरडलो तेव्हा बायांना वाटलं, भाऊ आज रंगात आहे.

माझी बायको मंदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती. तोंडात चिखल गेला तरी मी शिवी देत नाही, हे तिनं पाहिलं.

"सोडा त्याहीले! हे खरं हाये!"

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून लिहितो. मला आधी हगवण झाली होती, ती थांबली. मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या. दिवसभर चिखलात उभा राहणाऱ्या माणसाच्या बोटांत चिखल्या होतातच. मी त्याच समजलो आणि तेल-हळद लावून पुन्हा चिखलात उतरलो. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या, मग पोटऱ्यांत. आम्हा धानवाल्यांना पायाचं कुठलंही दुखणं चिखलाचंच वाटतं. तुम्ही असं समजू नका. मुंग्या वर चढत असतील आणि पाय उचलत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. "नागपूरला न्या, आत्ताच," एवढंच म्हणाले. नागपूरला पाठीतलं पाणी काढलं. ती सुई एवढी लांब होती की मला वाटलं, पाठीतून शिरून पोटातून निघेल आणि समोरच्या नर्सबाईला टोचेल. मग नसांची तपासणी झाली, तिला नर्व्ह कंडक्शन म्हणतात. हातापायांना बारीक करंट देतात आणि तो किती वेगानं पोचतो ते पाहतात. माझा पोचतच नव्हता.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पोरीएवढी. म्हणाली, "काका, याला गिलियन-बारे सिंड्रोम म्हणतात. अंगातली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. नसांवरचं आवरण खराब होतं."

मी म्हणालो, "म्हणजे मोटरपंपाच्या वायरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं तसं?"

"तसंच. वायर बहुतेक वेळा पुन्हा दुरुस्त होते. पण हे वर चढतंय. छातीपर्यंत आलं तर श्वासासाठी मशीन लावावं लागेल."

ते उंदराचं माझ्या तोंडचं शेवटचं वाक्य ठरलं, निदान पुढच्या खूप दिवसांसाठी. संध्याकाळी गिळता येईना, मग श्वास पुरेना. मला आयसीयूत नेलं. आधी तोंडातून नळी घातली, पुढं गळ्याला छोटं भोक पाडून तिथून. त्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. त्या भोकामुळं हवा कंठापर्यंत पोचायच्या आधीच बाहेर जाते आणि आवाज निघत नाही.

आता विचार करा. मी बोलायला लागलो की शहापूरच्या हायवेवरचे ट्रक हॉर्न वाजवायचे थांबतात. तलावावर पाणी प्यायला येणारा वाघ माझी गोष्ट संपेपर्यंत उठत नाही. त्या माणसाजवळ आता फक्त दोन पापण्या उरल्या. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा मिटल्या म्हणजे नाही. अंगावर माशी बसली तर ती आपल्या मर्जीनं उठेल तेव्हाच उठायची. आणि डोकं लख्ख जागं होतं. हा रोग डोक्याला हात लावत नाही. मला वाटायचं, लावला असता तर बरं झालं असतं.

मंदाला दिवसातून दोनदा आत सोडत. ती कपाळाला अंगारा लावायची आणि म्हणायची, "देवाच्या मनात काईतरी असंल जी. उगाच नाई करत तो." बाकी सगळे हेच म्हणून गेले. माझा भाऊ, सरपंच, ज्याच्याशी धुऱ्यावरून भांडण आहे तो शेजारीसुद्धा. सिंधूबाई आली ती रडतच. "आमीच दाबलं जी तुमाले चिखलात." मी दोनदा पापण्या मिटल्या. तिला त्याचा अर्थ कळेना, म्हणून आणखी जोरात रडली. शेवटी नर्सनं तिला बाहेर काढलं.

इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या चढल्या. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेलं ते औषध असतं. डॉक्टरीण रोज सांगायची, "काका, वाट पाहायची. याला दुसरा उपाय नाही."

शेजारच्या खाटेवर चिखला गावचा मुकेश होता. खाणीत कामाला, वय तिशीचं, न्युमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेली. त्याची आई कांताबाई आणि माझी मंदा बाहेरच्या बाकावर एकाच डब्यात जेवायच्या. कांताबाई आत आली की मुकेशचे तळवे चोळायची आणि तेच म्हणायची, "देवाच्या मनात असंल ते होईल, बापू." पण मंदा म्हणायची तेव्हा त्यात विनवणी असायची. कांताबाई म्हणायची तेव्हा नुसतीच बातमी असल्यासारखी.

मुकेश माझ्या आधी सुधारला. त्याची नळी निघाली. एका सकाळी त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा वर केला. मला अंगठा नव्हता, म्हणजे होता पण माझ्या ऐकण्यात नव्हता. मी एकदा पापण्या मिटल्या. त्याला कळलं. हसला.

दुपारी त्याच्या मशीननं एकसुरी आवाज काढला. सगळे धावले. मधला पडदा ओढला, पण पूर्ण ओढला गेला नाही. मला मान फिरवता येत नव्हती आणि ती नेमकी त्याच बाजूला ठेवलेली होती. मी सगळं पाहिलं. डॉक्टरीण छातीवर दाब देत होती, तिची वेणी सुटली होती. मग ती थांबली. खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली आणि घड्याळाकडं पाहून नर्सला वेळ लिहायला सांगितली.

त्या संध्याकाळी मंदा आली. डोळे सुजलेले. माझा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "अजी, तुमचा देवावर इश्वास हाये ना? हो म्हणा."

मी पापण्या एकदाही मिटल्या नाहीत, दोनदाही नाही. डोळे तसेच उघडे ठेवले, पाणी यायला लागेपर्यंत. ते पाणी तिनं हो समजून पुसलं.

त्यानंतर मी आढ्याकडं पाहत देवाशी भांडलो. तोंड बंद असलेला माणूस किती भांडू शकतो हे तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या गावच्या मारोतीला मी असं काही सुनावलं असेल की त्याचा शेंदूर उडाला असेल. मला वाचवायचं होतं तर त्याला का नेलं? त्याचं काय काम होतं तुझ्याकडं? उत्तर म्हणून एक दिवस माझ्या उजव्या हाताच्या करंगळीचं टोक हललं. मी ते उत्तर धरलं नाही.

पण हललं ते हललं. मग हात, मग खांदे. मशीन रोज थोडा थोडा वेळ बंद ठेवायला लागले. त्याला वीनिंग म्हणतात, बाळाचं दूध तोडतात तसं. गळ्याचं भोक बुजलं. पहिला शब्द निघाला तो शब्द नव्हताच, बेडकासारखा आवाज होता. मंदा म्हणाली, "बास, एवढ्यानं गाव उठंल."

आता मी वॉकर घेऊन चालतो. डावा पाय ओढतो. बांधीत उतरता येत नाही. धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतो. रोवणी सरली की बाया लांबूनच हात दाखवतात, चिखल लावायला कुणी जवळ येत नाही. लोक म्हणतात, तुझ्या हातून काहीतरी मोठं घडायचं असेल म्हणून देवानं ठेवलं. मी वाट पाहून राहिलो आहे. अजून तरी माझ्या हातून फक्त भाकर मोडली जाते.

तुम्ही आयसीयूच्या बाहेर बाकावर बसला असाल तर खोटं सांगणार नाही. देवाचा हेतू मला दिसला नाही. पण त्या आढ्याखाली भांडायला तरी कुणी होतं, नाहीतर मी वेडा झालो असतो. ज्याच्याशी एवढं भांडलो तो नाही, असं मला आता म्हणवत नाही.

परवा आम्ही चिखल्याला गेलो, कांताबाईकडं. रस्ताभर मी एक गोष्ट रचली होती. जीव जाताना मुकेशच्या खाटेवर उजेड पडला होता, तो हसून वर पाहत होता, अशी. असल्या गोष्टी रचणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. तिच्या घरात देवांसमोर दिवा लागलेला होता आणि बाजूला मुकेशचा फोटो. तिनं मला भिंतीला टेकून बसवलं, वॉकर नीट लावून ठेवला. आणि रचलेली गोष्ट माझ्या तोंडातून निघेना. मी फक्त अंगठ्याचं सांगितलं.

"हव," ती म्हणाली. "तसाच होता तो."

मग मला राहवलं नाही. फाटक्या आवाजात मी जवळजवळ ओरडलोच. "मले ठेवलं अन् त्याले नेलं! काय होतं कांताबाई, देवाच्या मनात? रोज दिवा लावता ना तुमी, काय सांगतलं त्यानं तुमाले?"

मंदानं माझा हात दाबला. कांताबाईनं दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली.

"सांगतलं नाई," ती म्हणाली. "मी इचारलंई नाई."