हात जिथं पडला तिथं

ट्रकचा मागचा फाळका लावताना माझ्या डाव्या हाताची दोन बोटं सापडली, त्याला आता तीन वर्षं झाली. जखम भरली, पण बोटं वाकायची राहिली ती राहिलीच. जेवायला, गिअर टाकायला काही अडत नव्हतं. अडलं ते एक्झॉस्ट ब्रेकपाशी. उतारावर हा ब्रेक धुराचा रस्ता अडवतो आणि इंजिनालाच गाडी ओढून धरायला लावतो, म्हणून पायाच्या ब्रेकवर भार येत नाही. माझ्या ट्रकमध्ये त्याची बारकी दांडी स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला होती. माझी बोटं तिला नुसती चाटून जायची.

मी कुणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरनं हाताची तक्रार केली की लोक किल्ली मागतात. गंगाखेडहून साखर भरून कोकणात जायचो आणि घाट नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरायचो. एकदा पायथ्याला आलो तर चाकांतून धूर निघत होता. तासभर गाडी उभी करून मी दगडावर बसून राहिलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग खटका दुसरीकडं बसवून घ्या. तुमच्या आईसाठी घरातला लाइटचा बोर्ड खाली घेतला, तसाच."

एका वायरमननं घाईत थेट जोडणी करून दिली. खटका दाबला की ब्रेक लागायचा, पण क्लच दाबला तरी सुटायचा नाही. रेल्वे फाटकापाशी गिअर बदलायला गेलो आणि इंजिन गपकन बंद पडलं. मागच्या ऑटोवाल्यानं जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

मग कळलं, परभणीत जिंतूर रोडला एक बाई गाड्यांचं वायरिंग करतात. पस्तिशीच्या असतील, आयटीआयला शिकलेल्या. मी फाटकापाशी काय झालं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"काका, मूळ वायरीत क्लचला अन् ॲक्सिलरेटरला एकेक स्विच असतो. पाय पडला की ब्रेक आपोआप सुटतो. त्यानं ते दोन्ही वगळले. आपण तसं न्हाई करायचं."

मला वाटलं, आता ड्रिल काढतील. त्यांनी मला सीटवर बसवलं.

"डोळे झाका. घाटात हाव असं समजा. आता डावा हात सोडा, कुठं पडायलाय बघू."

हात डॅशबोर्डवर पडला. त्यांनी खडूनं खूण केली. असं पाच वेळा केलं. चार खुणा एकमेकींना चिकटून होत्या, पाचवी वीतभर लांब.

"ही इकडं कशी गेली?"

"ही मी मुद्दाम टाकली, ताई. तिथं खटका शोभून दिसंल."

"शोभेचं घरी बघा," त्या म्हणाल्या आणि ती खूण पुसली.

मग त्यांनी माझी बोटं कुठवर वाकतात ते बघितलं. डॉक्टरनंतर तो हात इतक्या बारकाईनं कुणी बघितला नव्हता. तळहाताच्या कडेनंही दाबता येईल असा रुंद खटका त्यांनी निवडला. वायर पत्र्याला घासू नये म्हणून भोकात रबर घातलं, वेगळा फ्यूज दिला, ब्रेक लागल्याचं कळावं म्हणून बारका लाल दिवा बसवला. सगळी दुपार त्यात गेली. उड्डाणपुलाच्या उतारावर दोघं चक्कर मारून आलो, तेव्हाच त्यांनी हत्यारं आवरली.

पुढच्या खेपेला घाटाच्या माथ्यावर गाडी तिसऱ्या गिअरला घेतली आणि हात सोडला. फुस्स करून हवा गेली, इंजिनचा आवाज जाड झाला आणि भरलेली गाडी शहाण्या बैलासारखी दमानं उतरू लागली. ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला होता. दरीच्या पलीकडच्या डोंगरावर एक वाडी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतक्या खेपा केल्या, पण नजर कधी रस्त्याच्या काठापलीकडं गेलीच नव्हती.

खाली आल्यावर त्या ताईंना फोन केला.

"क्लच दाबल्यावर सुटायलाय का?"

"सुटायलाय."

"मंग झालं. एक गाडी खोलून ठेवलीय, नंतर बोलते."

आता ट्रकच्या मालकालाही बोटांचं सांगून टाकावं असं वाटलं. त्यालाही फोन लावला आणि घाबरत घाबरतच सांगितलं.

"मला कधीचं दिसायलंय," तो म्हणाला. "विचारलं असतं तर तुमाला राग आला असता. बाकी गाडी कशी हाय?"

गाडी चांगली आहे म्हणालो आणि साखर उतरवायच्या रांगेत नंबर लावायला निघालो.